चोरीला गेलेली जावा

२२ नोव्हेंबर १९७०, रविवार

पाडव्याला वृंदानं ही वही दिली. म्हणाली, "जो संताप माझ्यावर काढता, तो यात काढा." इतके दिवस कोरीच होती. आज मात्र लिहिल्याशिवाय डोकं शांत व्हायचं नाही.

कलकत्त्याच्या रेड रोडवर मला रुमालानं पकडलं. सकाळची वेळ, रस्ता रिकामा आणि विमान उतरेल इतका सरळ. जावा मोटारसायकलचं नुकतंच काम करून घेतलेलं, इंजिन नुसतं गुणगुणत होतं. झाडाखाली धोतर नेसलेला एक इसम शेंगा फोडत बसला होता. मी शेजारून गेलो आणि त्यानं रुमाल झटकला. मला वाटलं, टरफलं झटकतोय. पुढे फर्लांगभरावर पांढऱ्या कपड्यांतला सार्जंट उभा, हातात शर्यतीच्या घोड्यांसाठी असतं तसलं घड्याळ. रुमाल हलला की बटण दाबायचं, गाडी समोर आली की पुन्हा दाबायचं. म्हणजे माझा वेग ठरवणार कोण, तर शेंगा खाणारा माणूस! त्याला नेमकी शिंक आली असती तर?

हे सगळं मी सार्जंटला इंग्रजीत ऐकवलं. त्यानं शांतपणे 'गुरुदत्त आजरेकर' नावानं पावती फाडली. वर गाडीची पाटी बघून म्हणाला, "महाराष्ट्राचा नंबर? येऊन वर्ष झालं ना? मग बंगालचा घ्या."

का घ्यावा? ही गाडी मी पुण्यात घेतली, लग्नाच्याही आधी घेतली. बँकेनं बदली माझी केली आहे, गाडीची नव्हे.

मैदानावर विनायक सबनीस भेटला. विम्याच्या कचेरीत आहे, एनफिल्ड चालवतो. दर रविवारी आम्ही चहाला जमतो आणि पोलिसांचा यथेच्छ उद्धार करतो. आज मात्र त्याचा सूर वेगळा होता. "गुरुदत्त, परवा अतिरेक्यांनी एका शिपायाला भर चौकात भोसकलं. असल्या दिवसांत ते रुमाल झटकायला तरी रस्त्यावर उभे राहतात, हेच पुष्कळ."

"त्यांना कुणी भोसकतं म्हणून दंड मी भरायचा?"

तो चहात बिस्कीट बुडवत बसला.

२९ नोव्हेंबर, रविवार

श्यामराव हर्डीकरांचा मुलगा विजय आला होता. हर्डीकर म्हणजे इथले जुने. श्यामराव इथेच जन्मले आणि भवानीपूरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. विजय चोवीस वर्षांचा, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला, दोन वर्षं नोकरी शोधतोय. माझ्या गाडीवर त्याचा भारी जीव. पण मराठी असं बोलतो की ऐकताना दात आंबतात.

"दादा, तुमचा गाडी फार सुंदर आहे."

"ती गाडी. तुमची गाडी."

"बंगालीत तो नाही, ती नाही दादा. सगळे सारखे. भांडण नाही."

वृंदा हसली. तिला तो आवडतो. बोलता बोलता म्हणाला, लहानपणी आजोबांच्या पंचांगातले आकडे त्याला वाचता येत नसत. आपला देवनागरी एक तो नऊ वाचायचा, कारण बंगाली नऊ अगदी तसाच दिसतो. "बाबा मला मारला होता. एकादशी मी नव्याण्णव म्हटलं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा नंबर सतराशे अकरा. त्यात एक किती आहेत!

लगेच बेहाला बाजारातला रंगारी गाठला. कागदावर काढून दिलं, त्यानं चित्र काढावं तसं पाटीवर उतरवलं. अक्षरं, आकडे, सगळं देवनागरी. १७११. सुरेख दिसतं. वृंदानं विचारलं, "हे नियमात बसतं?" नियम इंग्रजांनी केलेत, म्हटलं. ते गेले.

९ डिसेंबर, बुधवार

जिंकलो! खिदिरपूरजवळ सार्जंटनं हात केला. मी थांबलोच नाही. मूठ पिळली आणि निघालो. आरशात बघतो तर गृहस्थ वहीत नंबर टिपतोय. टिपू दे. त्याच्या लेखी नऊ हजार सातशे नव्याण्णव! आता ज्या कुण्या अभाग्याचा तो नंबर असेल, त्याच्या घरी कागद जाईल. कलकत्त्यात आल्यापासून इतका हसलो नव्हतो. विनायकला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आणि तो कोण आहे, माहीत आहे तुला?" म्हटलं, बंगाली आहे, बंगाल्यांनी भरलेला दंड बंगाल्यांना मिळेल.

१७ डिसेंबर, गुरुवार

माशी शिंकली. आमच्या वाटेवरच्या चौकात एक नवा शिपाई आलाय. बिहारी. पिकल्या मिशा, पट्ट्यात खोचलेली छत्री. मी दिव्यापाशी थांबलो होतो. तो जवळ आला, पाटीवरून बोट फिरवत वाचली, "सत्रह सौ ग्यारह." मग म्हणाला, "बाबूजी, लिखावट बढ़िया है. मगर कानून में अंग्रेजी चाहिए. बदलवा लीजिए."

याला देवनागरी येणारच. हे कसं सुचलं नाही!

"बदल दूँगा," म्हटलं. कोण बदलतोय.

५ जानेवारी १९७१, मंगळवार

तोच शिपाई, तेच वाक्य. नाव रामजतन. आता मला ओळखतो. लांबून जावाचा आवाज आला की वळून बघतो. मी वेगात असलो तर हात नुसता खालीवर हलवतो, लहान मुलाला 'हळू रे' म्हणावं तसा. अख्ख्या शहरात माझी गाडी ओळखणारा एकच माणूस आहे, आणि तो हा.

१७ जानेवारी, रविवार

आज हद्द झाली.

मंडळाचं हळदीकुंकू होतं. वृंदा पैठणी नेसून मागे बसलेली. चौकात दिवा लाल झाला होता, पण समोर चिटपाखरू नव्हतं म्हणून मी गाडी काढली. रामजतन आडवा आला. गाडीची किल्लीच काढून घेतली! "सार्जंट साहब आएँगे, तब तक रुकिए. दो दफे बोला आपको."

मी काय वाटेल ते बोललो. कुणाची नोकरी कशी घालवायची हे मला माहीत आहे, असंही बोललो. तो ऐकून घेत होता. मग वृंदाकडे वळून म्हणाला, "माताजी, धूप में मत खड़ी रहिए," आणि पट्ट्यातली छत्री काढून तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला! सार्जंट येईपर्यंत धरून होता. वृंदा त्याच्याशी बोलत होती. गाव कुठलं, मुलं किती. येणारेजाणारे बघताहेत, बँकेतला माणूस गुन्हेगारासारखा उन्हात आणि त्याची बायको शिपायाच्या छत्रीत.

सार्जंटनं घाईत लाल दिव्याची तेवढी पावती फाडली आणि किल्ली परत दिली. घरी येताना वृंदा म्हणते, "चांगला माणूस आहे हो. त्याची मुलगी माझ्याएवढी आहे."

मी रात्री जेवलो नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

देव आहे. पोलिसातले लाहिरीसाहेब आज लॉकर उघडायला बँकेत आले. बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर आहेत. मी स्वतः बरोबर गेलो, चहा मागवला आणि रामजतनचा विषय काढला. नुसता उद्धट म्हटलं असतं तर साहेबांनी कानाआड केलं असतं. तसं दिसतच होतं. घड्याळाकडे बघत होते. म्हणून मी आवाज खाली आणून म्हटलं, "माझ्या पत्नीच्या फार जवळ आला. छत्रीचं निमित्त करून."

लाहिरीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "नंबर आहे त्याचा?"

दिला. यात खोटं काय आहे? जवळ आलाच होता. छत्री लांबून धरता येते का?

वृंदाला काही बोललो नाही. तिला या गोष्टी कळत नाहीत.

२ फेब्रुवारी, मंगळवार

रामजतन चौकात नाही. लाहिरीसाहेबांचा माणूस सांगत होता, उत्तरेकडे पाठवला, जिथे जायला कुणी तयार नसतं अशा भागात. आपल्या चौकात आता वाळूची पोती रचून तीन बंदुकवाले बसवलेत. रस्त्याच्या शिस्तीशी त्यांना कर्तव्य नाही. दिवा लाल असो, हिरवा असो, ते आपले पोत्यांमागे. पाटी तर वाचतच नाहीत. मजेत जातो.

१४ फेब्रुवारी, रविवार

विजयला गाडी शिकवतोय. हात हलका आहे त्याचा. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर, भले भले गडबडतात, हा दुसऱ्या रविवारी सफाईनं चालवायला लागला. फक्त फार भितो. कुणी खाकी कपड्यांतला दिसला की आपोआप ब्रेक.

"दादा, मला भय करतो."

मी त्याला नियम घालून दिला. हात केला की थांबायचं नाही. थांबला तो अडकला. मूठ पिळायची, आवाज वाढवायचा, मान वळवायची नाही. पाटी त्यांना वाचता येत नाही, मागाहून काही करू शकत नाहीत. त्याच्याकडून पाठ करून घेतलं. वडिलांसमोर पाढे म्हणावेत तसे म्हणाला. वृंदा गॅलरीतून ओरडली, "विजय, यांचं सगळं ऐकू नकोस." पोरगं हसलं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

पेपरात आहे. उत्तरेकडच्या एका चौकात वाहतूक शिपायाला दोघातिघांनी घेरून ठार मारलं. नाव रामजतन. बिहारमध्ये गल्लोगल्ली रामजतन असतात. वृंदानं ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "आपला छत्रीवाला तर इथे होता ना? तो हल्ली दिसत का नाही?"

"बदली झाली असेल."

"कुठे?"

"मला काय माहीत?"

आज खिचडी खारट होती.

२१ मार्च, रविवार

विजयला नोकरी लागली! बजबजला तेलाच्या डेपोत, प्रयोगशाळेत. उद्या सकाळी हजर व्हायचंय आणि नेमक्या त्या मार्गावरच्या लोकल गाड्या बंद. कुणीतरी तारा कापल्यात, म्हणतात. बसचाही भरवसा नाही. संध्याकाळी श्यामराव त्याला घेऊन आले होते. म्हातारे गृहस्थ बाहेर फाटकाशीच उभे राहिले, आत येईनात. मागायला संकोच, दुसरं काय. विजयच एकटा वर आला.

"दादा, एक दिवस. पेट्रोल मी भरतो."

माझ्या हातचा शिकलेला मुलगा माझ्या गाडीवरून पहिल्या नोकरीला जाणार. मी एका शब्दानं आढेवेढे घेतले नाहीत. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण विनायक मला आपमतलबी म्हणतो. सकाळी मी ट्रामनं जाईन. किल्ली वृंदा देईल.

२२ मार्च, सोमवार

विजय सकाळी गाडी घेऊन गेला. वृंदानं त्याला थालीपिठाचा डबा करून दिला, हँडलला अडकवून. डब्याचे चरे पडले तर टाकीचा रंग जाईल, हे तिला सुचत नाही.

अंधार पडला, अजून पत्ता नाही. सांगून ठेवलं होतं, दिवेलागणीच्या आत गाडी हवी. वृंदा गॅलरीत उभी आहे. नवी नोकरी, नवे मित्र, गेला असेल मिरवायला. उद्या चांगला फैलावर घेतो.

२३ मार्च, मंगळवार

पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर बातमी.

काल संध्याकाळी आमच्याच चौकात मोटारसायकलवरच्या अनोळखी तरुणानं पोलिसांचा इशारा जुमानला नाही, उलट वेग वाढवला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. इस्पितळात नेताना मृत्यू. अतिरेकी असल्याचा संशय. गाडीचा नंबर नऊ सात नऊ नऊ.

आधी वाटलं, दुसराच कुणी. मग तो नंबर पुन्हा वाचला.

वृंदाला वाचून दाखवलं. ती खाली बसली. म्हणाली, "चला. श्यामरावांकडे जाऊ. मग पोलिसांकडे." बरोबर आहे, जायला हवंच होतं. शर्टाची बटणं लावता लावता मी विचार करू लागलो. या महिन्यात बढतीची यादी निघणार. गोळी घातलेल्या अतिरेक्याला गाडी कुणी दिली? बँकेतल्या अधिकाऱ्यानं. बेकायदा पाटी कुणाची? त्याचीच. मला आत टाकतील, मारतील. इथे हल्ली विचारत नाहीत, आधी मारतात. आणि ते चुकीच्या नंबरामागे लागलेत, म्हणजे मला शोधायला त्यांना वेळ लागणार. देवानं दिलेली सवड.

वृंदाला म्हटलं, तू थांब, मी एकटाच जाऊन येतो.

ठाण्यात जाऊन सांगितलं, काल दुपारी माझी जावा दारासमोरून चोरीला गेली. अंमलदारानं मागे नेऊन गाडी दाखवली. टाकीला दोन भोकं. सीटकडे मी बघितलं नाही.

"हीच. पण नंबर सतराशे अकरा."

"मग ही पाटी कसली?"

"चोरानं रंगवली असेल."

हे कसं सुचलं कोण जाणे. बोलून गेल्यावर वाटलं, बरं सुचलं. अंमलदारानं मान डोलावली, भराभर लिहून घेतलं. चोरी करून पाटी बदलणारा म्हणजे कसलेला, असं शेजारच्याला म्हणाला. मग डबा पुढे केला, झाकण चेपलेलं. "हा तुमचा?"

"नाही."

विजय तर गेलाच. त्याला आता चोर म्हटलं काय आणि साव म्हटलं काय, कुठे ऐकू जाणार आहे? जिवंत माणसानं जिवंत माणसांचा विचार करायचा असतो.

२४ मार्च, बुधवार

खिशातल्या नेमणुकीच्या कागदावरून पोलिसांना नाव कळलं. श्यामरावांना ओळख पटवायला नेलं. विनायकनं सांगितलं, रात्रभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं आणि मुलाचे साथीदार कोण ते विचारत होते. म्हातारा म्हणाला, त्याचे मित्र म्हणजे आजरेकरांची गाडी.

वृंदाला मी काय केलं ते सांगितलं. वाटलं होतं, रडेल, ओरडेल. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाचा चेहरा नीट लक्षात ठेवावा तशी. मग आत जाऊन पिठाचा डबा धुवायला घेतला. तो स्वच्छच होता.

२८ मार्च, रविवार

मंडळात कळलं, विजयच्या बहिणीला, लीनाला, शाळेनं तूर्त येऊ नको म्हणून सांगितलंय. ती लहान मुलांना शिकवते. अतिरेक्याच्या बहिणीकडे पालक मुलं कशी ठेवणार? शाळेचंही बरोबर आहे. पण वाईट वाटलं.

विनायक चहाला आला नाही. गेल्या आठवड्यात त्यानं एनफिल्डला बंगालचा नंबर घेतला. इतकी वर्षं काढली आणि आता घाबरला.

४ एप्रिल, रविवार

सकाळी दार वाजलं. श्यामराव. दाढी वाढलेली, धोतर मात्र स्वच्छ. मला वाटलं, भांडायला आलेत. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्यांनी हात जोडले.

"आजरेकर, माफी मागायला आलोय. विजय घरून निघताना म्हणाला होता, दादांनी गाडी दिली. मीही त्याच्याबरोबर आदल्या संध्याकाळी तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. खाली येऊन म्हणाला, बाबा, हो म्हणाले. मी वर आलो असतो तर तुमच्याच तोंडून नकार ऐकला असता, त्याला तिथेच दोन ठेवून दिल्या असत्या. मुलगा खोटं बोलला आणि मला कळलं नाही. चाळीस वर्षं लोकांची मुलं शिकवली आणि माझ्याच घरात..."

मला भरून आलं. खरंच आलं. मी त्यांचे हात हातात घेतले आणि म्हटलं, "झालं गेलं विसरा. माझ्या मनात काही नाही."

वृंदा चहा घेऊन आली होती. ट्रे तसाच हातात धरून ती म्हणाली, "काका, किल्ली मी दिली. यांनी सांगितलं होतं, उद्या विजय येईल त्याला दे. डबाही मीच करून दिला. चोराला कुणी डबा देतं का?"

मीच सावरलो. "हिची तब्येत बरी नाही, श्यामराव. त्या दिवसापासून काहीबाही बोलते. विजयवर फार माया होती तिची."

श्यामरावांनी वृंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मास्तर माणूस, चुकीचं गणित फळ्यावर बघावं तसं बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "विजय शिपाई दिसला की पायी चालतानासुद्धा थांबायचा. तो त्या संध्याकाळी का थांबला नाही?"

"मला काय माहीत?"

"मी सांगते," वृंदा म्हणाली आणि तिनं सांगितलं. हात केला की थांबायचं नाही. आवाज वाढवायचा. मान वळवायची नाही. शब्द न् शब्द. गॅलरीतून सगळं ऐकत होती बया.

ते उठले. चहाला हात लावला नाही. दारापाशी काठी घेताना म्हणाले, "पोलिस म्हणाले, पाटी त्यानं रंगवली. विजयला देवनागरी आकडे लिहिता येत नव्हते, आजरेकर. मी मारलं होतं त्यासाठी."

"रंगाऱ्याकडून करून घेतली असेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, "हो, रंगाऱ्याकडूनच," आणि जिना उतरले. समजूतदार माणूस आहे. त्यांना पटलं असावं.

वृंदा त्यांच्या मागोमाग खाली गेली, सोडायला म्हणून. पायात चपला होत्या की नाही, लक्षात नाही.

६ एप्रिल, मंगळवार

वृंदा परवापासून हर्डीकरांकडे आहे. विजयच्या आईजवळ कुणीतरी हवंच. मीही म्हटलं असतं, जा. विचारून गेली असती तर बरं दिसलं असतं.

९ एप्रिल, शुक्रवार

लाहिरीसाहेबांचा बँकेत फोन. "मिस्टर आजरेकर, तुमच्या मिसेस काल ठाण्यात आल्या होत्या, त्या मुलाच्या वडिलांबरोबर. जबाब लिहून घ्या म्हणत होत्या."

"मग?"

"आमच्या लोकांनी समजूत घालून परत पाठवलं. प्रकरण मिटलंय. चोर होता, पळत होता, गोळी लागली. चोर नव्हता म्हटलं तर मग पोलिसांनी कुणाला मारलं? असे प्रश्न कुणाच्याच हिताचे नाहीत." मग म्हणाले, "त्या एका शिपायाबद्दलही विचारत होत्या. रामजतन. त्याच्या घरचा पत्ता हवा होता त्यांना. मिसेसना जपा."

मी आभार मानले. फोन ठेवला. वृंदाला माझ्याविषयी इतकं वैर कशासाठी? मी तिला काय कमी केलं?

१९ एप्रिल, सोमवार

बढती झाली. नागपूरची शाखा, जूनमध्ये रुजू व्हायचं. शेवटी महाराष्ट्र! बँकेत पेढे वाटले. मंडळात वाटायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, "ठेवा तिथे टेबलावर." तासाभरानं निघालो तेव्हा बॉक्स तसाच होता. बदली सगळ्यांनाच हवी असते. मत्सर माणसाला कुठे नेतो!

२ मे, रविवार

पोलिसांनी गाडी सोडली. टाकी डाग देऊन घेतली, सीट नवी घातली, पाटी इंग्रजीत करून घेतली. नागपूरला न्यायची म्हणजे सगळं चोख हवं. आवाज पूर्वीसारखाच आहे.

म्हटलं, झालं तेवढं पुरे. आपणच मोठेपणा घ्यावा. हर्डीकरांकडे गेलो, वृंदाला आणायला. गल्लीत शिरलो तसा जावाचा आवाज त्या घरापर्यंत गेला असणार, कारण वरच्या खिडकीतून एका बाईनं किंकाळी फोडली. एकच. विजयची आई असावी. मी इंजिन बंद केलं.

दार लीनानं उघडलं. मला ओळखत नसल्यासारखी बघत राहिली. "कोण हवा?"

"वृंदाला बोलाव."

वृंदा आली. कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. वाळली आहे. मी म्हटलं, "चल. नागपूरला जायचंय, बांधाबांध करायची आहे. मी सगळं विसरलोय."

तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे, गाडीकडे बघितलं. नव्या सीटवर तिची नजर कितीतरी वेळ थांबली. मग लीनाला म्हणाली, "यांची गाडी चोरीला गेली होती. सापडली वाटतं."

आणि दार लावलं. आपटलं नाही. कडी घातल्याचा आवाज आला, मग जिन्यावरून दोघींची पावलं वर गेली.

गल्लीच्या तोंडापर्यंत मी गाडी ढकलत नेली. तिथे सुरू केली.

चौकात पोत्यांमागच्या एकानं हात केला. मी थांबलो. त्यानं पाटी वाचली, लायसन बघितलं, गाडीच्या पुस्तकावरचा नंबर ताडून पाहिला. सगळे कागद बरोबर होते. त्यानं मला जाऊ दिलं.